थर की स्तर?

प्रश्न असा: इंग्लिश भूशास्त्रज्ञ विल्यम स्मिथच्या जुन्या भूशास्त्रीय तक्त्यांवर मराठीत लिहायचं आहे. त्यांतल्या ‘स्ट्रॅटा’ला स्तर म्हणावं की थर? आणि ‘फॉसिल’ला सरसकट जीवाश्म चालेल का?

माझं मत थराला. स्तर चुकीचा नाही, ‘भूस्तर’ रुळलेलाही आहे. पण रोजच्या मराठीत स्तर म्हणजे आता पातळी झाली आहे. ‘जिल्हा स्तरावर बैठक’ वाचलेला माणूस ‘चुनखडीचे स्तर’पाशी क्षणभर अडखळतो. थराचं तसं होत नाही. दहीहंडीत असो वा खाणीत, तो एकावर एकच बसतो.

गंमत म्हणजे घराणं एकच. संस्कृतातला स्तृ म्हणजे पसरणे. त्यातून स्तर, तोच प्राकृतातून झिजून थर. अंथरूणही त्याच धातूचं. प्रस्तर म्हणजे आधी पसरलेलं गवत, पुढे दगड, आणि तिथून आपला पाथरवट! लॅटिन ‘स्ट्रॅटम’सुद्धा याच कुळातला, अर्थ ‘अंथरलेलं’.

थर घ्यायला आणखी एक कारण खुद्द स्मिथ. हा कालव्यांची मोजणी करणारा माणूस. १७९९ साली इंग्लंडमधल्या बाथ शहरात त्याने तोंडी सांगितलं आणि दोन पाद्री मित्रांच्या सोबतीत ते कागदावर उतरलं: वर खडूचा खडक, तळाशी कोळसा, मधले थर क्रमाने आणि त्यांत सापडणारे अवशेष. त्याने थरांना दिलेली नावंही बरीचशी स्थानिक बोलीतली. ‘कॉर्नब्रॅश’ हे विल्टशरच्या शेतकऱ्यांचं, धान्याला मानवणाऱ्या खडकाळ जमिनीचं नाव. आपल्याकडे विहीर खणणारे मुरूम, मांजऱ्या म्हणतात, तसंच हे. अशा माणसाच्या तक्त्यावर ‘स्तर’ जरा इस्त्री केलेला वाटतो.

फॉसिलचं मात्र सांभाळून. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ नुसता ‘खणून काढलेलं’, म्हणून जुन्या लेखनात खनिजं, स्फटिकही त्यात येत. स्मिथने १८१६ पासून काढलेल्या सचित्र पुस्तकाच्या नावात म्हणूनच ‘ऑर्गनाइझ्ड फॉसिल्स’ असं आहे, म्हणजे कधीकाळी सजीव असलेल्यांचे अवशेष. तिथे जीवाश्म अगदी चपखल. नुसतं फॉसिल दिसलं, तर आधी वाक्य नीट वाचा.

त्या पुस्तकात जेम्स सॉवर्बीने कोरलेली शिंपल्यांची चित्रं ज्या-त्या थराच्या रंगाशी मिळत्याजुळत्या कागदावर छापली आहेत. चित्रांखाली ओळ द्यायची तर ‘थर आणि त्यांतले जीवाश्म’ एवढी पुरे. रंगाचं काम कागद करतोच.