इंग्रजीतल्या ‘फेझ’ या क्रियापदाचा अर्थ काय आणि ते कसं वापरायचं?

‘फेझ’ म्हणजे एखाद्याला विचलित करणं, बिचकवणं, त्याचा आत्मविश्वास डळमळवणं. स्पेलिंग एफ-ए-झेड-ई. सगळ्यात जास्त चूक इथेच होते: टप्पा या अर्थाच्या पी-एच-ए-एस-ई शब्दाचा उच्चार अगदी हाच आहे, त्यामुळे भलंभलं लिहिणारेही तो शब्द इथे घालतात. स्पेलचेक ही चूक बहुधा पकडत नाही, कारण दोन्ही शब्द बरोबरच आहेत.

दुसरी गोष्ट, हे क्रियापद बहुतेक वेळा नकारातच येतं. ‘द क्वेश्चन डिडन्ट फेझ हर’ म्हणजे त्या प्रश्नाने ती जराही डगमगली नाही. ‘नथिंग फेझेस हिम’ म्हणजे काहीही होवो, हा गडी बिचकत नाही. इथे ‘त्याला काही फरक पडत नाही’ असं भाषांतर करू नका. त्यात बेफिकिरी येते; ‘फेझ’च्या नकारात धीर असतो. होकारार्थी ‘इट फेझ्ड मी’ चुकीचं नाही, पण कमी ऐकू येतं. तिथे ‘रॅटल्ड’ किंवा ‘अननर्व्ह्ड’ जास्त सहज वाटतं.

कर्म हवंच. ‘शी डिडन्ट फेझ’ चूक. ‘शी वॉजन्ट फेझ्ड’ किंवा ‘शी वॉज अनफेझ्ड’ म्हणा.

जुन्या इंग्रजीत हाकलून लावणं या अर्थाचं क्रियापद होतं, त्याच्यापासून हा शब्द आला आणि 19व्या शतकात अमेरिकेत आजच्या रूपात रुळला. सूर अनौपचारिक आहे, म्हणून कार्यालयीन पत्रात ‘डिसकन्सर्ट’ बरा.