आईला बारसं आठवत नाही

प्रश्न : आई ५८ वर्षांची. डिप्रेशन गोळ्यांनी हटेना, जेवणही सोडलं, म्हणून डॉक्टरांनी विजेचे शॉक सुरू केले. सहा झालेत. आता जेवते, बोलते. पण दिवाळीत माझ्या मुलीचं बारसं झालं ते तिला आठवतच नाही. फोटो दाखवला तर म्हणते, “ही पैठणी माझीच ना गं?” काका म्हणतात, मेंदू जळाला. अजून दोन-तीन द्यायचेत. थांबवू का?
– एक लेक, सांगली

उत्तर : ताई, काकांचं चुकतंय, पण तुमची तक्रार खोटी नाही. “स्मरणशक्तीला काही होत नाही” असं सांगून मोकळे होणारे डॉक्टर माझ्याच पेशात आहेत. मला ते पटत नाही. शॉकच्या आधीचे काही महिने आणि उपचार चालू असतानाचे दिवस, एवढ्या काळातल्या आठवणींना सगळ्यांत जास्त धक्का बसतो. लग्न, माहेर, शाळा सहसा शाबूत राहतात. पुसलेलं काही परत येतं, काही येत नाही. बारसं कदाचित येणारच नाही, आणि हे आईंना आधी सांगायला हवं होतं.

यातली गंमत बघा. २०१० साली ८४ अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा चाचण्यांतले गुण पहिले तीन दिवस घसरलेले दिसले. पंधरवड्यानंतर बहुतेक सावरले, काही तर उपचाराआधीपेक्षा वर गेले. पण २००३ च्या एका ब्रिटिश आढाव्यात, रुग्णांनाच विचारलं तेव्हा किमान एक तृतीयांश जणांनी कायमचं विस्मरण सांगितलं. दोन्ही खरं असू शकतं. चाचणीत शब्दांची यादी विचारतात, बारशाला कोण कोण आलं होतं ते नाही!

राहिला मेंदू. या उपचाराने मेंदूच्या पेशी मरतात असा पुरावा स्कॅनमधून मिळालेला नाही. काकांच्या डोळ्यांपुढे बहुधा जुन्या सिनेमातला, खाटेला बांधलेला पेशंट असणार. भूल आणि स्नायू सैल करणारं औषध न देता शॉक द्यायला २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंदी आहे. मी शिकत होते तेव्हा तसे दिलेले पाहिलेत. त्या बंदीला उशीरच झाला.

आपल्या मनाने मध्येच थांबवू नका, आजार उलटू शकतो. डॉक्टरांना हे विचारा : इलेक्ट्रोड (वीज सोडायच्या चकत्या) डोक्याच्या दोन्ही बाजूंना लावता की फक्त उजवीकडे? उजवीकडे लावले तर विस्मरण कमी होतं. विजेचे स्पंद अगदी आखूड ठेवता येतील का? आठवड्यातून तीन असतील तर दोनवर येता येईल का? लिथियम (मूड स्थिर ठेवायची गोळी) चालू आहे का, तेही विचारा. त्याने शॉकनंतरचा गोंधळ वाढू शकतो.

घरी “आठवतंय का, आठवतंय का” करून आईंची परीक्षा घेऊ नका. फोटो दाखवताना “ही आत्या, पाळणा हिने म्हटला” असं सरळ सांगा. उपचार संपून दोनेक आठवडे होईपर्यंत बँकेच्या सह्या नकोत, गॅसपाशी कुणीतरी असू द्या. तीन महिन्यांनंतरही काल सांगितलेलं आज राहत नसेल, तर ते शॉकच्या माथी मारून गप्प बसू नका. पुन्हा दाखवा, थायरॉइड आणि बी-१२ तपासून घ्या.