गादीतलं हाड: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: वय २७. खेळताना गुडघा मुरगळला. एक्स-रेमध्ये सांध्याच्या मागच्या भागात वाटाण्याएवढं हाड दिसलं, तेव्हा ‘लूज बॉडी’ असेल असं सांगितलं गेलं. एमआरआयच्या रिपोर्टमध्ये मात्र ‘मेडियल मेनिस्कसच्या पोस्टीरियर हॉर्नमध्ये ऑसिकल’ असं लिहिलंय. दोन्ही एकच का?

उत्तर: नाही. लूज बॉडी म्हणजे सांध्यात सुटा फिरणारा तुकडा. तो आज इथे, तर उद्या तिथे असतो आणि मध्ये सापडला की गुडघा अडकतो. ऑसिकल मात्र मेनिस्कसच्या, म्हणजे गुडघ्यातल्या गादीच्या, आतच पक्कं बसलेलं असतं. आकार काही मिलिमीटरपासून सेंटिमीटरभर. बाहेरून टणक कवच आणि आत मज्जा, असं ते छोटंसं पण खरंखुरं हाड असतं. ते बहुधा आतल्या बाजूच्या गादीच्या मागच्या टोकाशी, जिथे गादी टिबियाला (नडगीच्या हाडाला) चिकटते त्या ‘रूट’जवळ सापडतं.

साध्या एक्स-रेवर या दोन्ही गोष्टी सारख्याच दिसतात, त्यामुळे पहिला अंदाज चुकला यात नवल नाही. जुना एक्स-रे असेल तर शेजारी लावून पाहायला सांगा. तुकडा जिथल्या तिथे असेल तर तो गादीतला असण्याची शक्यता वाढते. पण चिकटून बसलेली लूज बॉडीही हलत नाही, म्हणून खात्री एमआरआयवरूनच करावी. फॅबेला नावाचं आणखी एक निरुपद्रवी हाडही गोंधळात टाकतं. ते मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या बाजूमागे, पोटरीच्या स्नायूत असतं, सांध्याच्या फटीत नव्हे.

प्रश्न: एका रिपोर्टमध्ये ‘मेनिस्कस फाटला आहे’, तर दुसऱ्या रेडिऑलॉजिस्टनी तीच चित्रं पाहून ‘फाटलेला नाही, आत हाड आहे’ असं सांगितलं. एवढा फरक कसा पडतो?

उत्तर: चरबीमुळे. निरोगी गादी एमआरआयच्या सगळ्या चित्रांत काळी त्रिकोणी दिसते. तिच्यात पृष्ठभागापर्यंत पोचणारी पांढरी रेघ दिसली की ती फाटली असं धरतात. ऑसिकलच्या आतल्या मज्जेत चरबी असते, आणि टी१ किंवा पीडी या प्रकारच्या एमआरआय चित्रांत, चरबीचा उजळपणा मुद्दाम दाबलेला नसेल तर, चरबी उजळ दिसते. काळ्या गादीत पांढरा ठिपका दिसला की घाईत तो ‘टिअर’ (फाट) म्हणून लिहिला जातो.

खरं-खोटं करायचं तर तोच काप चरबी दाबलेल्या, म्हणजे फॅट-सॅट, चित्रात शोधायचा. फटीतलं पाणी तिथेही पांढरंच राहतं, चरबी मात्र काळी पडते. ठिपका शेजारच्या टिबियाच्या मज्जेबरोबरच उजळत आणि मावळत असेल आणि भोवती कवचाची पातळ काळी कडा असेल, तर ते हाड. एक अपवाद लक्षात ठेवायला हवा: ऑसिकलमध्येच सूज असेल तर ते फॅट-सॅटवरही उजळ राहू शकतं, म्हणून टी१ पाहिल्याशिवाय निकाल देऊ नये.

उलट चूकही होते, आणि ती आम्हाला जास्त खटकते. तिन्ही दिशांचे काप फक्त फॅट-सॅटमध्ये घेतले, तर काळ्या गादीत काळं पडलेलं हाड दिसतच नाही. म्हणून तपासणीत चरबी न दाबलेली निदान एक मालिका हवीच. तपासणीला जाताना एक्स-रेही न्या. हाड आहे हे आधीच ठाऊक असलं की नजर नेमकी तिथे जाते. एवढं करूनही शंका राहिली तर सीटी स्कॅनमध्ये कवच आणि आतली जाळी स्पष्ट दिसते. गादीत नुसते कॅल्शियमयुक्त स्फटिक साठले असतील तर अशी हाडाची रचना दिसत नाही.

प्रश्न: ऑसिकल काढून टाकावं का? ‘रूट टिअर’ही आहे असं म्हणतात.

उत्तर: तुमच्या रिपोर्टमधला महत्त्वाचा शब्द ‘रूट टिअर’ आहे, ‘ऑसिकल’ नव्हे. रूट सुटलं की गादी बाहेर सरकते आणि भार पेलण्याच्या दृष्टीने ती जवळजवळ नसल्यासारखीच होते. मग सगळा दाब कूर्चेवर, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणावर, येतो. काही जणांत हे हाड मुळात रूट उपटलं जाताना सुटलेल्या तुकड्यापासून बनलं असावं, असं मानतात. म्हणून ऑसिकल दिसलं की रूट बारकाईने तपासायचंच.

रूट आणि कूर्चा कशा आहेत हे कळण्यासाठी डॉक्टरांना पुढच्या गोष्टी विचारा: समोरून घेतलेल्या कापांत गादी टिबियाच्या कडेबाहेर ३ मिमी किंवा जास्त सरकली आहे का? मागच्या क्रूशिएट लिगामेंटलगतच्या (गुडघ्याच्या मधल्या, हाडं जोडणाऱ्या मागच्या बंधाजवळच्या) उभ्या कापात गादीचा काळा त्रिकोण गायब आहे का? रूटखालच्या हाडात सूज आहे का? ऑसिकलसमोरची कूर्चा झिजली आहे का?

दुखत नसेल आणि रूट शाबूत असेल तर काहीच काढू नये. दुखत असेल तर आधी खोल बैठका बंद करून मांडीच्या स्नायूंचे व्यायाम करावेत. तरीही त्रास राहिला तर दुर्बिणीतून शस्त्रक्रियेचा विचार करता येतो. हाड गादीच्या आत झाकलेलं असल्याने समोरच्या छिद्रांतून ते दिसेलच असं नाही. सर्जनला मागून वेगळं छिद्र घेण्याची तयारी ठेवावी लागते. हाड काढताना रूट तुटलं तर फायद्यापेक्षा तोटाच मोठा. रूट आधीच सुटलेलं असेल आणि कूर्चा बरी असेल, तर टिबियातल्या बोगद्यातून टाके ओढून ते पुन्हा बसवतात. त्यानंतर साधारण ६ आठवडे त्या पायावर भार देत नाहीत आणि गुडघा ९० अंशांपलीकडे वाकवू देत नाहीत. कूर्चा बरीच झिजली असेल तर या दुरुस्तीचा फारसा उपयोग होत नाही.

प्रश्न: गादीत हाड झालंय, मग कॅल्शियमच्या गोळ्या बंद करू का?

उत्तर: नको. त्या गोळ्यांचा याच्याशी संबंध नाही. ज्या कारणासाठी दिल्या आहेत, त्यासाठी घेत राहा.