आधी त्याचं म्हणणं सांगा

"ताई, घरात विषय काढायचीच भीती वाटते." समुपदेशनाच्या कामात हे वाक्य आता आठवड्यातून एकदा तरी कानावर येतं. कुणाकडे देवधर्मावरून, कुणाकडे पक्षावरून, कुणाकडे आरक्षणावरून. सख्खी भावंडं घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून बाहेर पडलेली असतात, बाप आणि मुलगा एकमेकांची ताटं उठेपर्यंत वाट बघतात. विचार अगदी विरुद्ध असलेल्या आपल्याच माणसाशी जमवून कसं घ्यायचं, हा प्रश्न मला सतत विचारला जातो. त्याचं उत्तर मला एका बापलेकांकडून नीट कळलं. त्यांची परवानगी घेऊन आणि ओळखीचे तपशील बदलून ते सांगते.

अण्णा सातारा जिल्ह्यातले, सत्तरी ओलांडलेले माळकरी. आळंदी ते पंढरपूर त्यांनी कधी चुकवलं नव्हतं. २०२० आणि २०२१ साली पालख्या एसटीने गेल्या, तेवढाच काय तो खंड. मुलगा पुण्यात इंजिनिअर, सुट्टीच्या दिवशी अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणारा. आई गेल्यापासून दोघांत "पोचलो", "जेवलो" यापलीकडे बोलणं नव्हतं. दोघांना माझ्यापर्यंत आणलं सूनबाईंनी.

सुरुवातीच्या भेटी भांडणातच गेल्या. अण्णा म्हणायचे, "ह्या लोकांना वारी बंद पाडायची हाय. कायदाच केलता ना त्यासाठी." मुलगा ताडकन उत्तर द्यायचा, की २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात यात्रा, कीर्तन, भजन, प्रवचन यांना स्पष्टपणे वगळलेलं आहे. मुलाचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. तरी ते ऐकून अण्णांचा चेहरा आणखी कठोर व्हायचा. सांगणाऱ्यावरच राग असला की खरी माहितीसुद्धा टोचते.

पूर्वी अशा वेळी मी दोघांना पटणाऱ्या गोष्टींची यादी करून घ्यायचे. 'दोघांनाही घराची काळजी आहे' असं लिहून लोक होते तेवढेच रागावलेले घरी जायचे. आता मी वेगळं करते. १९५१ साली अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी एक साधा नियम सुचवला होता: समोरच्याचं म्हणणं त्याचं समाधान होईल असं आधी सांगायचं, मगच स्वतःचं मांडायचं. मला हा नियम परका वाटला नाही. आपल्याकडे शास्त्रार्थात आधी पूर्वपक्ष म्हणजे समोरच्याचं म्हणणं मांडायचं, मग उत्तरपक्ष म्हणजे आपलं उत्तर. शंकराचार्यांचं भाष्य उघडा, प्रतिपक्षाचं म्हणणं आधी मांडलेलं पदोपदी सापडेल. घरातल्या वादात मात्र आपण थेट उत्तरपक्षावर उडी घेतो.

मी मुलाला म्हटलं, "अण्णा वारीला का जातात ते तू सांग. अण्णा मान डोलावतील तेव्हाच तुझी पाळी संपेल."

"पुण्य मिळतं असं त्यांना वाटतं."

"पुण्यासाठी कोण चालतंय?" अण्णा म्हणाले.

"आजोबा जायचे, म्हणून."

"अर्धं बरोबर."

मग बराच वेळ मुलगा खाली बघत बसला. शेवटी थांबत थांबत म्हणाला, "तिथे सगळेच माउली. शेत, कर्ज, भाऊबंदकी, काही नसतं. तेवढे दिवस अण्णांना कुणापुढे उभं राहून उत्तर द्यावं लागत नाही."

अण्णांनी मान डोलावली. "आत्ता बोललास."

आता अण्णांची पाळी. "ह्याला वाटतं देव नाही आन् आम्ही अडाणी."

"नाही, अण्णा."

"ह्याला वाटतं…" अण्णा अडखळले. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "हिच्या छातीत गाठ लागली तवा आपण अंगारा लावत बसलो. चार महिने. ते चार महिने ह्याच्या डोक्यातनं जात नाहीत."

मुलगा काहीच बोलला नाही. बोलले अण्णाच. "माझ्या तरी कुठं जातात."

मुलगा इतकी वर्षं समजत होता, की अण्णांनी ते सगळं 'माउलीची इच्छा' म्हणून मिटवून टाकलंय. अण्णा समजत होते, मुलगा आपल्याला देवासकट दोषी धरतो. मी त्या दिवशी आणखी एक शब्दही बोलले नाही. गप्प राहण्याचं मोल मला इतक्या वर्षांच्या कामाने शिकवलं आहे, आणि त्या तासाचं मला आजही समाधान वाटतं.

माझी खात्री झाली आहे, की ठाम मताच्या तळाशी बहुतेक वेळा एखादा दिवस असतो. दवाखान्यातला, तुरुंगातला, शाळेत अपमान झालेला. म्हणून "तुला असं का वाटतं?" असं विचारू नका, त्यात उलटतपासणीचा वास येतो. "तुला असं कधीपासून वाटायला लागलं?" असं विचारा. माणूस मुद्दे बाजूला ठेवून हकीकत सांगू लागतो. हकीकत चालू असताना "पण" म्हणू नका. हे पाहुण्यांसमोर किंवा जेवणाच्या पानावर काढू नका. बघणारे असले की माघार घेणं कुणालाच जमत नाही.

आणि स्वतःलाही एक विचारा. समोरच्याला आपलं पटावं, ही इच्छा आहे की पटलंच पाहिजे, असा हट्ट? इच्छा अपुरी राहिली तर वाईट वाटतं, हट्ट पुरा झाला नाही तर संताप येतो आणि नातं तुटायला येतं. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांना त्या एका 'च'चाच त्रास होत असतो.

एक अपवाद मात्र मी ठामपणे सांगते. कुणाचे उपचार थांबत असतील, कुणाला मारहाण होत असेल, लहान मुलाला इजा होत असेल, तर तिथे पूर्वपक्ष ऐकत बसू नका. आधी ते थांबवा.

अण्णा आणि मुलगा आजही एकमताचे नाहीत. मुलगा माळ घालणार नाही, अण्णा एकादशी सोडणार नाहीत. नैवेद्यावरून गेल्या दिवाळीत चांगली वादावादी झाली, पण त्याच पंगतीत दोघे जेवले. मध्यंतरी अण्णांचा फोन आला होता. भजनी मंडळातल्या एका बाईंना गाठ लागली होती आणि त्या एका बुवाकडे निघाल्या होत्या. अण्णांनी मुलाला फोन करून कुठल्या डॉक्टरांकडे न्यायचं ते विचारलं आणि स्वतः बाईंबरोबर एसटीने तालुक्याला गेले.

"तिला म्हणलं, तपासून आल्यावर अंगारा लाव. मी अडवणार न्हाई."