शांतपणाची सवय व्हायला वेळ लागतो गं

अगं,

तुझं पत्र दोनदा वाचलं. नोकरी आहे, वेगळी राहते, घरात आता कोणी ओरडत नाही, तरी आनंद का होत नाही असं विचारलंयस. आधी यावरच लिहिते, कारण बाकीच्या प्रश्नांचं मूळ पण इथेच आहे असं मला वाटतं.

दार कसं उघडलं यावरून आजचा मूड ओळखायचा, भांडी जरा जोरात आदळली की आपण काय चुकलो ते आठवायचं, कोणी गप्प बसलं असेल तर त्याची जास्त धास्ती, अशा घरात वाढलेलं मूल सतत कानोसा घेत जगतं. तेव्हा त्याची गरजच होती, त्यानेच तुला सांभाळलं. पण घर सुटलं म्हणून शरीराची ती सवय सुटत नाही. ताणाची यंत्रणा वर्षानुवर्षं ऑन राहिली की साध्या गोष्टींना पण धोका समजायला लागते, म्हणून तर साहेबांचा 'जरा येऊन जा' एवढाच मेसेज आला तरी तुझ्या पोटात गोळा येतो. आणि सगळं शांत असलं की आता काहीतरी होणार असं वाटत राहतं, मग कधीकधी आपणच भांडण उकरून काढतो, कारण वाट बघण्यापेक्षा ते होऊन गेलेलं बरं वाटतं. हा स्वभावदोष नाहीये. तू बिघडलेली नाहीयेस. फक्त शांतपणा तुझ्या अंगवळणी पडलेला नाही, आणि तो पडू शकतो, हे मी मनापासून सांगतेय.

हे नुसतं धीर देणं नाही बरं का. एमी वर्नर नावाच्या मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हवाईमधल्या काउआई बेटावर 1955 साली जन्मलेल्या जवळपास 700 मुलांचा अभ्यास केला, ती चाळिशीला येईपर्यंत. त्यात गरिबी, घरातली भांडणं, आईवडिलांचं दारूचं व्यसन किंवा मानसिक आजार असं बरंच काही एकत्र वाट्याला आलेली मुलं होती, आणि त्यातली साधारण एक तृतीयांश तरी चांगली, आपल्या पायावर उभी राहिलेली माणसं झाली. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते पुढचं, की जी मुलं किशोरवयात भरकटली होती त्यातली पण बरीचशी तिशी-चाळिशीपर्यंत सावरली, कोणी शिक्षण पुन्हा सुरू केल्यामुळे, कोणी स्थिर जोडीदार मिळाल्यामुळे. आणि लहानपणी सावरलेल्यांच्या बाबतीत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली ती म्हणजे एक तरी भरवशाचं मोठं माणूस, आजी असेल, शेजारी असेल, शिक्षक असेल. म्हणजे अख्खं कुटुंब बदलावं लागत नाही.

म्हणून आईबाबा कधीतरी चूक कबूल करतील आणि मग मी मोकळी होईन, हा हिशोब सोड. कदाचित करतील, कदाचित त्यांना वेगळंच आठवत असेल (आठवणी खरंच वेगळ्या असतात, सख्ख्या भावाबहिणींच्या पण). तुझं पुढचं आयुष्य त्यांच्या एका वाक्यासाठी अडवून ठेवू नकोस. माफ केलंच पाहिजे असं पण नाही, लोक काहीही म्हणोत.

भाऊ अजून तिथेच आहे आणि मी इकडे मजेत, याची लाज वाटते असं लिहिलंयस ते वाचून मला फार वाईट वाटलं. तू दुःखी राहिलीस तर त्याचं ओझं काही कमी होत नाही गं. उलट त्याला रात्री फोन करायला एक शांत माणूस असणं हीच त्याच्यासाठी मोठी गोष्ट आहे, ते माणूस तू होऊ शकतेस.

रोजचं म्हणशील तर झोपेची आणि जेवणाची वेळ ठरव, ऐकायला फालतू वाटेल पण पुढे काय होणार हे माहीत असणं तुझ्या शरीराला कधी मिळालेलंच नाही. घरचे फोन ठरलेल्या वेळी घे, आवाज चढला की 'आता ठेवते, उद्या बोलू' म्हण आणि खरंच ठेव, पहिल्या काही वेळा हात थरथरतील तरी ठेव. जुन्या आठवणी झोपू देत नसतील किंवा जगणंच नको वाटत असेल तर एकटी लढू नकोस, लगेच डॉक्टरांकडे जा, आणि ट्रॉमावर, म्हणजे मनावरच्या जुन्या आघातांवर, काम करणारा थेरपिस्ट शोध. पहिल्याच थेरपिस्टशी जमलं नाही तर दुसरा बघ, त्यात काही गैर नाही.

राहिला तो मुलगा, जो चांगला आहे पण बोअर वाटतो असं तू लिहिलंयस. ठरलेल्या वेळी येतो, रागावला तर रागावलोय असं सांगतो, अबोला धरत नाही. त्याच्याविषयी घाईने नाही म्हणू नकोस एवढंच सांगेन, कारण धाकधूक म्हणजेच प्रेम असं तू लहानपणापासून बघितलंयस. थोडे महिने जाऊ देत. घरचं सगळं त्याला एका दमात सांगायची गरज नाही, एखादी छोटी गोष्ट सांग आणि तो ती कशी जपतो ते बघ, मग पुढची. तरीही नाहीच आवडला तर नाही म्हण, ते पण चालतं.

काय ठरतंय ते कळव, मी वाट बघतेय.