सैतान अजून उरलाय कसा?

प्रिय पोरी,

तुझा मेसेज दोनदा वाचला. पहिल्या कम्युनियनच्या (प्रभुभोजन प्रथमच घेणाऱ्या मुलांच्या) वर्गातला आठ वर्षांचा पोरगा उठून विचारतो, "देव सगळ्यांवर प्रेम करतो, मग सैतानावरपण करतो का?" आणि तू "पुढच्या रविवारी सांगते" म्हणून वेळ मारून नेलीस. बरं केलंस. मी तुझ्या वयाचा असताना याच प्रश्नाला लगेच उत्तर दिलं होतं, आणि तिथंच फसलो.

मागच्या बाकावर फादर बसले होते. मी छाती काढून सांगितलं, "अजिबात नाही. देव त्याचा द्वेष करतो." वर्ग सुटल्यावर पाचूबंदरची एक म्हातारी कोळीण नातवाला न्यायला आली होती. मासळीची पाटी खाली ठेवून म्हणाली, "मास्तर, देवानं द्वेष केला असता तर तो मेला उरला असता का?" मी तिच्याशी बराच वाद घातला. त्या वादात मी हरलो होतो, हे कळायला मला पुढं कितीतरी वर्षं लागली.

कळलं ते तेराव्या शतकातले धर्मपंडित थॉमस अक्वायनस यांचं लेखन वाचताना. त्यांचं म्हणणं असं: आपल्याला आधी एखादी गोष्ट चांगली दिसते, मग तिच्यावर आपला जीव जडतो. देवाचं उलटं आहे. त्याचं प्रेम आधी, आणि त्या प्रेमामुळं ती गोष्ट अस्तित्वात येते, टिकते. म्हणजे जे जे आहे, ते आहे तेवढ्यापुरतं तरी देवाला हवंसं आहे. पाप त्याला नको असतं, पण पाप ही त्यानं घडवलेली वस्तूच नव्हे. ज्ञानग्रंथाचा अकरावा अध्याय काढ (आपल्या कॅथलिक बायबलात आहे, प्रॉटेस्टंट मैत्रिणीच्या बायबलात शोधू नकोस). तू जे घडवलंस त्यातल्या कशाचाच तुला तिटकारा नाही, तुझी इच्छा नसती तर काही टिकलं असतं कसं, अशा अर्थाची प्रार्थना तिथं आहे. कोळणीचा प्रश्न नेमका हाच. तिनं तो प्रवचनात ऐकला होता की मासळी विकता विकता तिला सुचला होता, हे विचारायचं राहून गेलं.

मुलांना एक गोष्ट मात्र आधी पक्की करून दे. टीव्हीवर देव-राक्षसांची युद्धं बघून त्यांना वाटतं, सैतान हा देवाच्या तोडीचा कोणी दुसरा देव आहे. तसं नाही. सैतान म्हणजे देवाविरुद्ध गेलेला देवदूतच. १२१५ च्या लॅटरन परिषदेनं, म्हणजे बिशपांच्या सभेनं, स्पष्ट सांगितलंय की देवानं त्याला चांगलाच घडवला होता, वाईट झाला तो स्वतःच्या करणीनं.

मग तो पोरगा विचारणारच, "प्रेम आहे तर माफ का नाही करत?" इथं नीट थांब. १९९२ चा ख्रिस्तसभेचा, म्हणजे आपल्या कॅथलिक चर्चचा, धर्मशिक्षणग्रंथ सांगतो की देवदूतांचं पाप माफ होत नाही ते देवाची दया तोकडी पडते म्हणून नव्हे, तर त्यांची निवड माघारी फिरणारी नाही म्हणून. आपल्याला पश्चात्ताप का होतो? कारण आपल्याला नंतर कळतं. रागात बोलून जातो, रात्री उशीवर डोकं टेकलं की लाज वाटते. देवदूताला हे 'नंतर' नाही. जे कळायचं ते त्याला एकदमच, पुरतं कळतं, आणि तो जे ठरवतो ते सगळं जाणून ठरवतो. दमास्कसचे संत योहान म्हणतात, माणसाला जसा मृत्यू, तसं देवदूताला पतन. त्यापुढं वळण नाही.

हे सगळ्यांनाच पटलं होतं असं समजू नकोस. तिसऱ्या शतकातला ख्रिस्ती विचारवंत ओरिजेन, त्याच्या विचारांतून असा सूर निघाला की शेवटी सगळी सृष्टी देवाकडं परतेल. सैतानही परतेल असं आपण म्हटलंच नाही, अशी त्याची तक्रार होती, तरी ते त्याच्या नावाला चिकटलं, आणि ५५३ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेनं त्याला धिक्कारलं. चौथ्या शतकातले बिशप, न्यिसाचे ग्रेगरी, जवळपास तेच उघड लिहून गेले आणि आजही संत आहेत! संत ऑगस्टीनना हे मुळीच पटत नसे. ख्रिस्तसभा शत्रूंसाठी प्रार्थना करते पण सैतानासाठी करत नाही, याकडं ते बोट दाखवत.

माझं मन मात्र निनवेच्या इसहाकपाशी रेंगाळतं. सातव्या शतकातले हे संन्यासी, कतारच्या बाजूचे. त्यांच्याच पर्शियन ख्रिस्ती परंपरेचा एक बिशप सहाव्या शतकात 'कल्लियाना'त होता, असं कॉसमस नावाच्या प्रवाशानं लिहून ठेवलंय, आणि ते आपलं कल्याण असावं असं बरेच जण मानतात. तेव्हा माणूस अगदीच परका नव्हे. दयाळू हृदय म्हणजे काय, तर माणसं, पाखरं, जनावरं आणि सैतानाच्या बाजूची भुतंसुद्धा आठवून ज्याचे डोळे भरून येतात ते, असं इसहाक म्हणतात. आणखी एक म्हणतात: नरकात जो फटका बसतो तो प्रेमाचाच असतो.

हे मुलांना कसं सांगायचं? अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर ने त्यांना. बांबूवर टांगलेले बोंबील उन्हात खडखडीत वाळतात. खाली ढिगात राहिलेली मासळी त्याच उन्हात कुजते, वास मारते. ऊन दोघांवर एकच. देव आपला सूर्य दुष्टांवरही उगवतो, हे मत्तयच्या पाचव्या अध्यायातलं वाक्य त्यांना पाठ आहेच. पण या दाखल्याला फार ताणू नकोस. मासळी स्वतःहून ढिगात पडत नाही.

एखादी हुशार मुलगी पाचवं स्तोत्र काढून दाखवील, तिथं देवाला दुष्कर्म्यांचा तिटकारा असल्याचं लिहिलंय. ते वाक्य लपवू नकोस. प्रेम म्हणजे लाड नव्हेत, मैत्रीही नव्हे, एवढं तिला सांग. देवात आणि सैतानात आता मैत्री नाही, आणि बायबलातल्या प्रकटीकरणाचा विसावा अध्याय सैतानाचा शेवट अग्नीच्या सरोवरातच सांगतो. आणि पोरगा हे सैतानाबद्दलच विचारतोय ना, की घरातल्या कोणाबद्दल, याकडंही लक्ष असू दे. खोदून विचारू मात्र नकोस.

त्या कोळणीचं सांगायचं राहिलं. पुढच्या ईस्टरच्या रात्री ती माझ्या दोन बाक पुढं उभी होती, हातात मेणबत्ती. फादरनी बाप्तिस्म्याची वचनं घेताना विचारलं, "सैतानाचा त्याग करता का?" सगळं देऊळ पुटपुटलं. तिचं "होय, करते!" दरवाजापर्यंत ऐकू गेलं.

तुझा,
सर