उपमा, उत्प्रेक्षा आणि रूपक या अलंकारांतला फरक कसा ओळखायचा?

पावसाळ्यात पुण्यातनं सिंहगड बघा, मग सोप्पं जाईल. "गड हत्तीसारखा दिसतोय" ही उपमा, सारखा, प्रमाणे, सम असे शब्द येतात. "गड म्हणजे जणू हत्तीच" झालं की उत्प्रेक्षा, जणू, गमे, भासे वगैरे. आणि "सिंहगडाचा हत्ती ढगात बसलाय" म्हटलं की रूपक, तिथं गड आणि हत्ती वेगळे उरतच नाहीत. पेठेतल्या क्लासला नुसते हे शब्द पाठ करून घेतात, मार्क मिळतात पण लेखक काय करतो ते सुटतं ना, उपमेत तो तुलना वाचकापुढे ठेवतो, पटली तर घ्या, रूपकात मात्र विचारतच नाही, सरळ हत्ती उभा करतो, म्हणून मला रूपकच जास्त ताकदीचं वाटतं. "हा गड नव्हेच, हत्ती आहे" म्हटलं तर अपन्हुती, तीपण परीक्षेत विचारतात.